तुतीच्या ढलप्या

४ ऑगस्ट

काय म्हणून हाक मारावी ते ठरेना, म्हणून हाक न मारताच सुरू करतो. आधीच सांगतो, पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. घरात कुणी गेलेलं नाही.

पत्ता मावशीकडून घेतला. फोन नंबर द्यायला तिने साफ नकार दिला. "पत्ता देते, काय ते लिहा. वाचायचं की नाही ते ती ठरवेल," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. तुझी मावशी माझ्याशी इतकं कमी पहिल्यांदाच बोलली असेल.

काम साधं आहे. तुझ्या आईला कणीस खायचंय. तेही आपलं, पिंपात धुरी दिलेलं. गेल्या आठवड्यात सकाळी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य हेच. मी म्हटलं, भाजून देतो गॅसवर. तर तोंड फिरवून झोपली. तब्येतीचं म्हणशील तर डॉक्टर येऊन बघून जातात. जेवण कमी झालंय, दोन चमचे भात, अर्धी वाटी वरण. उन्हाळ्यापासून बिछान्यातच असते. वयच झालंय आमचं, त्यात नवल काही नाही.

पिंप शोधून काढलं, तारेच्या ब्रशने घासलं. जाळी नवी बसवली. लाकूडही आहे. आणि इथवर आल्यावर लक्षात आलं की पुढचं मला येत नाही. इतकी वर्षं कणसं व्हायची ती माझ्या नावाने, "मिस्त्रींकडची कणसं" म्हणून लोक बोटं चाटायचे. पण मी फक्त लाकूड आणून द्यायचो आणि खुर्चीवर बसून हुकूम सोडायचो. करायचीस तू. तेव्हा एवढं कळव:

कणसं पाण्यात किती वेळ ठेवायची? केस आधी काढायचे की नंतर? पिंपाचं खालचं भोक किती उघडं ठेवायचं? आणि झालं हे कळतं कशावरून?

चार ओळी पुरेत. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बाबा

१३ ऑगस्ट

तुझं उत्तर आलं नाही. टपालाचा भरवसा नाही, असं मी तुझ्या आईला सांगितलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग म्हटलं, चाळीस वर्षं लाकडात घालवली, धूर काय आपल्याला नवा आहे! कणसं आदल्या दिवशीच पाण्यात टाकली. ढलप्याही ओल्या करून घेतल्या, म्हटलं धूर भरपूर होईल. झाला. असा झाला की शेजारची शिक्षिका धावत आली आणि म्हणाली, "मिस्त्री, बरं आहे ना सगळं?" आपल्या घरामागे धूर दिसला की अजून लोक बादल्या शोधायला लागतात. ते असो.

दोन तासांनी झाकण काढलं तर वरची पानं काळी ठिक्कर, आतले केस दाण्यांना चिकटलेले, आणि दाणे पाणी पिऊन फुगलेले. तुझ्या आईला एक दाणा दिला. तिने तो जिभेवर ठेवला आणि बशीत परत काढून ठेवला. म्हणाली, "हा नुसता धूर आहे."

मदतीला तुझे पॉलिशवाले काका होते. ते अजून येतात कामाला. शेड नवी बांधली, पत्र्याची, जुनीच्या निम्मीही नाही. ते आणि मी, दोघंच असतो. कपाटाचं एखादं दार, कुणाची खुर्ची. त्यांनी चिमटा डाव्या हातात धरला होता. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, तेवढं सोडलं तर ठणठणीत आहेत. डाव्याने पूर्वीपेक्षा बरं पॉलिश करतो, असं स्वतःच म्हणतात.

तू अजून त्या गोष्टीचं मनात धरून असशील तर सोडून दे. मी तुला केव्हाच माफ केलंय. वयाने लहान होतीस, चूक कुणाकडूनही होते.

हे तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे पाठवू नका." का, ते सांगेना. मी पाठवतोय.

बाबा

२२ ऑगस्ट

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. तरी अक्षर लगेच ओळखलं. मापं लिहायचीस तसंच आहे, एकही आकडा वाकडा नाही. तुझी आई ते उशीखाली ठेवते. मला लागलं की मागून घ्यावं लागतं, म्हणून इथे उतरवून ठेवतो:

"१. एक तास. रात्रभर नाही. २. पानं मागे सोलायची, तोडायची नाहीत. केस काढायचे, लोणी-मीठ चोळायचं, पानं परत वर गुंडाळायची आणि पानाच्याच पट्टीने बांधायची. ३. भोक बोटभर. ढलप्या कोरड्याच घ्यायच्या. सुरुवातीचा पांढरा धूर जाऊ द्यायचा, कणसं तेव्हा आत ठेवायची नाहीत. धूर पातळ, निळसर झाला की ठेवायची. दीड तास. ४. दाण्यात नख रोवायचं. पातळ दूध उडालं तर अजून वेळ आहे."

आणि खाली, जागा सोडून: "काकांचा हात कसा आहे?"

तू सांगितलंस तसं केलं. पानं सोलताना माझ्या हाताला घाम फुटला, सांगितलं तर हसशील. सागाच्या फळीत केसाएवढी फट न ठेवणारा माणूस मी, कणसाची तीन पानं तोडून बसलो. बांधायला तर एकही नीट जमलं नाही. पण निळा धूर दिसला तेव्हा ओळखला. तुला आठवतं? त्या वेळेला तू मागे वळून न बघता एक हात वर करायचीस आणि आम्ही सगळे गप्प व्हायचो.

या वेळी तुझ्या आईने तीन दाणे खाल्ले. एकेक, सावकाश. मग विचारलं, "लाकूड कुठलं?" मी म्हटलं, बाभूळ. "तुतीचं नाही?" म्हटलं, तुती मिळाली नाही. ती म्हणाली, "आणि उरलेल्या ढलप्या? त्या कुठे ठेवल्यात?"

मी म्हटलं, टाकल्या. ती म्हणाली, "बरं केलंत." आणि डोळे मिटले.

हाताबद्दल मागच्या पत्रात लिहिलंच आहे. आणखी काय लिहू?

बाबा

३० ऑगस्ट

हे पत्र मी चार दिवस लिहितोय. तीन कागद फाडले. आता जे येईल ते तसंच पाठवणार.

तुझ्या आईकडे फार दिवस नाहीत. पहिल्या पत्रात मी वयाचं कारण पुढे केलं, ते खोटं होतं. पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं. तिला माहीत आहे. तिला कणीस नकोय गं. तिला तू हवी आहेस, आणि तू यावंस म्हणून जे लिहायला हवं ते मी लिहीत नाहीये, हे तिला कळतंय. काल म्हणाली, "पोरगी कणसाचं ऐकून येणार नाही. जे लिहिलं नाहीत ते लिहा."

तर ऐक. दुसऱ्या पत्रातलं ते माफीचं वाक्य खोडून टाक. तुला माफ करायला तू काही केलंच नव्हतंस.

त्या रविवारी तू पिंपाचं झाकण लावलं होतंस. भोकही बंद केलं होतंस. सगळे खाऊन गेले, तू आणि आई आत भांडी आवरत होतात. अजून उजेड होता. मी पिंपाकडे गेलो आणि झाकण मी उघडलं. मी.

त्या वर्षी तुतीचं लाकूड मिळालं होतं. किती वर्षांनी मिळालं होतं, तुला माहीत आहे. आत बघतो तर निम्म्या ढलप्या अर्धवटच जळलेल्या. माझ्या वडिलांची शिकवण होती की अर्धी जळलेली तुती फेकायची नाही, तिचा कडूपणा गेलेला असतो, पुढच्या खेपेला तिचाच धूर सगळ्यात गोड. मी मगभर पाणी शिंपडलं. चुर्र झालं, वाफ आली, ढलप्या काळ्या पडल्या. मी वरची एक उचलून बघितली, गार होती. फक्त वरची. मग सगळ्या गोणपाटात भरल्या. बाहेर दवात भिजतील म्हणून शेडमध्ये नेल्या आणि दारामागे ठेवल्या, भुशाच्या ढिगाला टेकून. पिंपाचं झाकण तसंच बाजूला पडलेलं राहिलं. मी विसरलो.

सुताराच्या घरात जन्मलेला माणूस, आणि विझल्यासारखा दिसणारा निखारा भुशाशेजारी ठेवतो. चिमूटभर लाकूड वाया जाऊ नये म्हणून.

पहाटे काय झालं ते तुला माहीत आहे. पॉलिशवाले लवकर आले होते. स्पिरिटचे डबे फुटून आग घराकडे सरकेल, म्हणून आत शिरले. चार डबे बाहेर फेकले. पाचव्याने त्यांचा हात घेतला.

सकाळी मी राखेत उभा होतो. सगळीकडे जळलं होतं, पण दारामागचा कोपरा जमिनीपर्यंत पोखरला होता. बघताक्षणी मला कळलं. हे नीट वाच, कारण यातच सगळं आहे. नंतर कधीतरी नाही, तिथे उभ्या उभ्या कळलं. मी फावडं घेतलं आणि त्या कोपऱ्यावर राख ओढली. मग अंगणात आलो. शेजारी, गाडीवाले, वखारवाले, आपली माणसं, सगळी जमली होती. पिंप उघडं दिसत होतं. कुणीतरी विचारलं, मिस्त्री, झालं कसं? आणि मी तुझ्याकडे बोट केलं. "झाकण उघडं कुणी टाकलं ते विचारा हिला. ठिणगी उडाली असणार."

तू म्हणालीस, "मी लावलं होतं, बाबा."

दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी पुन्हा विचारलं. आतून पॉलिशवाल्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. तेव्हा तू म्हणालीस, "लावलं होतं. बहुतेक."

तुझ्या त्या 'बहुतेक'वर मी सहा वर्षं उभा आहे. तुला स्वतःच्या हाताची शंका यायला लागली आणि मी ती येऊ दिली. महिन्याभराने तू घर सोडलंस. रंधा सोडलास. ज्या पोरीचा सांधा बघून वखारवाले मला म्हणायचे, मिस्त्री, आता तुम्ही निवृत्त व्हा, ती दवाखान्यात फायली लावते, असं मावशीकडून कळतं. शेड गेली ते मी विसरलो केव्हाच. हे विसरता येत नाही.

का केलं, त्याला चांगलं कारण नाही. सगळ्यांसमोर मला लाज वाटली, बस. इतक्या वर्षांचा मिस्त्री आणि असली चूक. तू तरुण होतीस, तुझी चूक लोक पोटात घालतील असं वाटलं. लोकांनी घातली. तू नाही घातलीस.

मी चुकलो. माफी मागा असं आईने सांगितलेलं नाही, मीच मागतोय. तू दिली नाहीस तरी आईला भेटायला ये. मी घरात नको असेन तर तसं कळव, मी शेडमध्ये राहीन.

बाबा

९ सप्टेंबर

पत्र टाकल्यावर पॉलिशवाल्यांना सांगितलं. ते कपाटाच्या दारावर शेवटचा हात मारत होते. पॉलिशचा हात मध्ये थांबवता येत नाही, रेघ उमटते. म्हणून मी सांगत होतो आणि ते फडकं फिरवत होते. एकदाही वर बघितलं नाही. दार पूर्ण झालं, फडकं घडी करून डब्यावर ठेवलं, मग बोलले.

"ती पोरगी महिनाभर रोज दवाखान्यात यायची, मिस्त्री. पट्टी बदलताना माझा हात धरून बसायची. रडायची. मी तिला म्हणायचो, जाऊ दे गं, होतं चुकून. मी तिला माफ करत होतो. ते तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत."

 

"हाताचं काही नाही," म्हणाले, "हात जळायचा तो जळाला असता. पण उद्यापासून मी येत नाही." आणि डबा तिथेच ठेवून गेले. आज आठ दिवस झाले.

वखारीत जाऊन तिथल्या माणसांसमोरही सांगितलं. अंगणात त्या दिवशी जे होते त्यांतले चार-पाच जण भेटले. एकाने चहा पुढे केला, बाकीचे फळ्या मोजायला लागले. शेजारच्या शिक्षिकेने ऐकून घेतलं आणि दार लावलं. ठीक आहे.

तुझ्या आईला सांगायला बसलो तर ती म्हणाली, "मला माहीत आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं मी. गोणपाट खांद्यावर टाकून चालला होतात."

मी उडालोच. म्हटलं, मग सहा वर्षं गप्प का बसलीस? पोरगी गेली घरातून! भांडलो मी, त्या अवस्थेत तिच्याशी भांडलो. ती म्हणाली, "तुमच्या तोंडून यावं म्हणून थांबले. आज सांगाल, उद्या सांगाल. माझंही चुकलं. नवऱ्याची अब्रू राखायला गेले आणि पोरीची घालवली." मग जरा वेळाने म्हणाली, "आता थांबायला माझ्याकडे तेवढे दिवस नाहीत."

 लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, आणि एकमेकांपासून लपवलेली गोष्ट निघाली ती एकच.

आणखी एक. राखेत तुझ्या छोट्या रंध्याचं पातं सापडलं होतं. लाकूड जळून गेलं, पातं राहिलं. ते मी खिळ्यांच्या डब्यात तळाशी दडवून ठेवलं होतं. परवा काढलं, तापवून पाणी दिलं, धार लावली. त्याला नवं लाकूड करतोय. तुझ्या पंज्याचं माप मला अजून पाठ आहे.

तुतीही मिळाली. नदीपलीकडच्या माळ्याने झाड उतरवलं होतं. ढलप्या करून ठेवल्यात. तू येईपर्यंत पिंप पेटवणार नाही.

बाबा

६ ऑक्टोबर

धाकट्या मिस्त्रीस,

पुन्हा या नावाने हाक मारायचा हक्क तू दिलेला नाहीस, मीच घेतोय. आवडलं नाही तर खोड.

तू तीन दिवस राहिलीस आणि परवा गेलीस. जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहून काढतो. पुढेमागे तुला कशाची शंका आली तर माझ्या हातचा कागद तुझ्याजवळ असावा.

तू दुपारी आलीस. मला ओलांडून आत गेलीस. आईजवळ बसलीस, आतून दार लावून घेतलंत. दोघी काय बोललात ते मी विचारलं नाही. आई परवापासून आपणहून पाणी मागते, एवढं सांगतो. डॉक्टर म्हणाले, त्याचा फार अर्थ लावू नका. मी लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पॉलिशवाल्यांकडे जाऊन आलीस. येताना ते तुझ्याबरोबर होते. माझ्याशी बोलले नाहीत, अजूनही बोलत नाहीत. पण आपला डबा उघडून बघितला, आतलं पॉलिश सुकलंय का ते तपासलं आणि झाकण घट्ट लावून ठेवलं. सुकू नये म्हणून माणूस झाकण कधी लावतो, ते मला कळतं. त्यावर मी दिवस काढतोय.

टेबलावर मी नवा रंधा ठेवला होता. तू तो हातात घेतलास, उलटा करून पात्यावरून अंगठा फिरवलास.  तू म्हणालीस, "राहू दे इथेच," आणि ठेवलास. राहू दे तर राहू दे. तो तिथेच आहे, त्याला मी दुसरं काम सांगणार नाही.

मग कणसं केलीस. पानं अशी सोललीस की एकही फाटलं नाही. पिंपाजवळ बसलीस, पांढरा धूर जाईपर्यंत थांबलीस आणि एक हात वर केलास. आम्ही सगळे गप्प झालो. आईचा बिछाना खिडकीशी ओढला होता, तिने तिथून ते बघितलं. अख्खी एक रांग खाल्ली तिने. सत्तावीस दाणे, मी मोजले. शेवटी म्हणाली, "हं. हे कणीस."

सगळ्यांचं झाल्यावर तू पिंपाकडे गेलीस. मी दारातच उभा होतो, पुढे यायचं धाडस होत नव्हतं. आत अर्ध्या जळलेल्या ढलप्या होत्या. तुतीच्या, चांगल्या. तू त्या चिमट्याने एकेक करून बादलीत टाकल्यास. बादली काठोकाठ पाण्याने भरलीस. वाफ गेल्यावर ते पाणी ओतून दिलंस, पुन्हा भरलंस. मग सरळ उभी राहिलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बाबा, हात घालून बघा."

मी बाही वर सारली. तळापर्यंत हात घातला. एकेक ढलपी चाचपली, नुसती वरची नाही. वेळ लागला. तू थांबलीस.

"गार आहेत," मी म्हणालो.

"बहुतेक?"

"नाही. गार आहेत."

तेव्हा तू पिंपाचं झाकण उचललंस आणि लावलंस. लावताना मी बघितलं.

बाबा